पाटीत अँटेना, डोक्यावर पाटी

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे फुशारकी मारायला मी मोकळी.

कंपनीने मला बिनतारी फोनची एजन्सी दिली, तेव्हा पहिला संच नमुना म्हणून माझ्याच घोडेगावच्या दुकानात बसवायचा होता. संच दिसायला साधा, टेबलावर ठेवायचा फोन. फरक एवढाच की खांबावरून तार येत नाही. फोनच्या पाठीतून एक काळी वायर निघते आणि तिच्या टोकाला हातभर लांबीची दांडी असते. तो अँटेना. घराच्या आतच बसवायचा. पेटीत सूचनांचा कागद होता आणि त्यात पहिलीच सूचना होती, अँटेना सुरक्षित जागी ठेवावा.

आता आमच्या घरात सुरक्षित जागा कुठली? लोखंडी कपाट! दागिने त्यात, जमिनीचे कागद त्यात, लग्नातला शालू त्यात. मी अँटेना शालूच्या घडीवर अलगद ठेवला, वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

फोन मुका. आठ दिवस मी शेजारच्या बूथवरून कंपनीच्या माणसांना फोन करकरून भंडावून सोडलं. डबा पाठवलात, फसवलंत, पुढारी ओळखीचे आहेत माझ्या, असं काय काय बोलले. नवव्या दिवशी शिर्के साहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, मोटारसायकल घेऊन स्वतः आले.

"काकू, अँटेना कुठाय?"

"सुरक्षित आहे."

"ते झालं. पण कुठाय?"

मी ऐटीत कुलूप काढलं. साहेबांनी कपाटात डोकावून पाहिलं. शालूवर पहुडलेल्या त्या दांडीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काकू, गुदमरलाय हो हा."

बाहेर काढून खिडकीशी धरला, तर चारही काड्या आल्या. काड्या म्हणजे फोनच्या छोट्या पडद्यावर रेंज दाखवणाऱ्या उभ्या रेघा. चार म्हणजे उत्तम, दोन म्हणजे काम भागतं, शून्य म्हणजे शोभेची वस्तू.

आणि हे करणारी बाई कोण? तर त्याआधी दहा-बारा वर्षं तालुक्यातल्या छपरांवर चढून टीव्हीचे अँटेने फिरवलेली! आमच्या ह्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हात सोन्याचा, सोल्डरिंगचा डाग द्यावा तर ह्यांनीच. पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ह्यांना घेरी यायची. नव्वदच्या सुमाराला गावोगाव टीव्ही यायला लागले आणि प्रत्येक टीव्हीला छपरावर अँटेना. मग काय, पदर खोचून मीच चढायला लागले. खाली गर्दी जमायची ती टीव्हीसाठी नाही, बाई छपरावर चढलेली बघायला. लोकांना वाटायचं बाई धीट आहे. धीट कसली? खाली उतरले की ह्यांच्यावर गुरकावता यायचं, त्याची हौस होती.

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. महाळुंगे पडवळला एका शेतकऱ्याकडे मी पंचवीस फुटी पाइपावर अँटेना उभा केला. पाइपाला ताण द्यायला तीन तारा लागतात. दोन घराला बांधल्या, तिसरी गोठ्याच्या लोखंडी खांबाला. अर्थिंग करायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच टाळलं. घरातली सगळी टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती, मॅच सुरू व्हायची होती आणि मलाही वाहवा हवी होती. 'उद्या येऊन करते' म्हणाले. उद्या गेले नाही, परवा गेले नाही. मे महिन्यात वीज पडली. पाइपावरून तारेत, तारेतून खांबात आणि खांबाला बांधलेली गाभण गाय जागेवर आडवी. तो शेतकरी दुकानात आला तेव्हा मी भांडणाची तयारी करून बसले होते. तो भांडला नाही. टीव्ही काउंटरवर ठेवून म्हणाला, "बघा काय हुतंय का." मला आजही वाटतं, तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याला शिव्या घालून मी विसरून तरी गेले असते.

त्यामुळे घरातल्या घरात बसणारा अँटेना आला तेव्हा मी मनातून सुखावले. छप्पर नको, पाइप नको, आभाळाशी संबंध नको. पण घरातल्या कामाची गंमत वेगळीच. फोन बसवायला जायचं म्हणजे लोकांच्या संसारात हात घालायचा. नवी वस्तू आली की ती मिरवायच्या जागी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. मिरवायची जागा म्हणजे स्टीलच्या भांड्यांची मांडणी. मी अँटेना मांडणीपासून लांब न्यायला लागले की घरची बाई म्हणायची, "अहो, मग पावण्यांना दिसणार कसा?"

मग मी समजावून सांगायची. टॉवर म्हणजे एक दिवा आहे असं समजा. त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. हा उजेड मातीच्या भिंतीतून येतो, कौलातून येतो, लाकडातून येतो. लोखंड आडवं आलं की थबकतो. पत्र्याच्या छपरातून नाही, भांड्यांच्या राशीतून नाही. पाण्यानं भरलेलं पिंपसुद्धा त्याला आवडत नाही. माणसाच्या अंगात तरी काय, पाणीच. म्हणून अँटेना पोटाशी धरून उभं राहिलं की एखादी काडी कमी झालीच म्हणून समजा.

बाकी शहाणपण अनुभवातून आलं. विजेच्या वायरीपासून अँटेना दोन हात लांब. चुलीच्या वर नको, वायर वितळते. शेळीच्या तोंडाच्या उंचीवर तर मुळीच नको. आणि भिंतीत खिळा मारण्याआधी आतून वायर कुठून गेली आहे ते विचारायचं. घरमालकाला ते ठाऊक नसतं. घरमालकिणीला असतं, कारण ओल्या हातानं भिंत पुसताना झटका तिला बसलेला असतो.

गिऱ्हाइकं एकाहून एक. येडगावला एक किराणा दुकानदार होते. त्यांची तक्रार अशी की कंपनी रोज संध्याकाळी साडेआठला लाइन बंद करते. "पैशे दिवसभराचे घेता आन् रातच्याला फोन झोपवता व्हय?" तीन वेळा गेले, तिन्ही वेळा दिवसा. फोन ठणठणीत. चौथ्या वेळी मुक्काम ठोकला. साडेआठला शेटनी दुकानाचं शटर खडखडत खाली ओढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तीन काड्यांचं शून्य झालं. अँटेना शटरच्या आतल्या बाजूला, अगदी नाकासमोर! मागच्या झरोक्यात नेऊन बसवला. शेटनी मान्य केलं का? छे. वर्षभर गावात सांगत होते, "काकूंनी कंपनीला दम दिला, तवा कुठं रातची लाइन सोडली."

पण ज्या कामाची मला आजही घमेंड आहे ते डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतलं.

पंधरा उंबऱ्यांची वाडी. फोन नाही, सडक अर्धवट. कंपनीने तिथे एक सार्वजनिक फोन द्यायचं ठरवलं होतं. ज्याच्या घरी फोन, तो चालवणार आणि त्याला कॉलमागे कमिशन. अर्ज दोन होते. एक नामा कारभाऱ्यांचा. वाडीतला मोठा माणूस, शाळा त्यांनी आणली, सडकही अर्धी का होईना त्यांनीच. दुसरा अर्ज हिराबाईचा.

हिराबाई तिशीतली. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पदरात एक मुलगी, मंगल, चौथीतली. वाडीत भात पिकतं ते दोघींना चार महिने पुरणार. मग दिवाळी झाली की खाली नारायणगावच्या बाजूला द्राक्षाच्या नाहीतर टोमॅटोच्या मळ्यांवर कामाला जायचं, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. मुलगी बरोबर. म्हणजे शाळा बुडाली. गुरुजींनी सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, पण यंदाही मधूनच उठवलीत तर पुन्हा बसायची नाही. हे सगळं तिनं मला दुकानात अर्ज द्यायला आली तेव्हा उभ्याउभ्या सांगितलं. बस म्हटलं तरी बसेना.

"काकू, माझं घर लई बारकं हाय. कुडाचं. त्यात बसंल का वो फोन?"

"फोन कुठंही बसतो गं. रेंज बसली पाहिजे."

"मंग त्या रेंजला काय खाऊ घालू, तेवडं सांगा."

मी हसले. ती नाही हसली.

नियम साफ होता. मी वाडीत जायचं, दोन्ही घरं तपासायची, जिथे घरात निदान दोन काड्या येतील त्या घराचं नाव फॉर्मवर लिहायचं. निघताना शिर्के साहेब म्हणाले होते, "काकू, घरात नाहीच मिळाली तर बाहेर पाइपावर अँटेना लावा, पण वाडी सोडू नका."

दिवाळीला पंधरा दिवस होते. भात कापणीला आलेलं, दुपारनंतर भीमाशंकरच्या अंगाला रोज आभाळ भरून गडगडायचं. शेवटच्या थांब्यावर एसटीतून उतरले तर कारभारी स्वतः छत्री घेऊन हजर. हिराबाई आली नव्हती. आली असती तर ओशाळवाणं दिसलं असतं, हे तिला कळत होतं.

कारभाऱ्यांचं घर वाडीतलं एकमेव स्लॅबचं. गुलाबी रंग, खिडक्यांना जाड गज, पुढं लोखंडी जाळीचा दरवाजा. चहा पिताना ते कौतुकानं वर बोट दाखवत म्हणाले, "काकू, ह्या स्लॅबात लोखंड किती घातलंय, इचारा. ठेकेदार म्हनला, कारभारी, ह्याच्यावर दुसरं धरान बांधा."

त्यांच्या बायकोनं, भागूबाईनं, टेबल पुसून तयार ठेवलं होतं आणि त्यावर लोकरीनं विणलेलं फोनचं झाकण. गुलाबीच. फोन यायच्या आधी झाकण तयार! शिनोलीच्या बहिणीकडचा फोन बघून नुसत्या नजरेच्या अंदाजानं विणलेलं. मला अगदी कसंनुसं झालं, कारण पिशवीतून संच काढून चालू केला होता आणि पडद्यावर एकही काडी नव्हती.

टेबलावर शून्य. खिडकीत शून्य. माजघरात, स्वयंपाकघरात, धान्याच्या खोलीत शून्य. घर टेकाडाच्या पोटात, भोवती लोखंडाचा पिंजरा. जिना चढून स्लॅबवर गेले तिथे दोन काड्या आल्या.

"झालं की मंग!" कारभारी खूश. "बोअरचा पाइप पडलाय माझ्याकडं. तीस फुटाचा. आत्ता उबा करतो. पोरं हायती चार."

फॉर्मवर 'बाहेरील अँटेना' असा रकाना होता. खूण केली असती तर साडेतीनची एसटी मिळत होती. समोर डोंगरावर ढग काळे झाले होते आणि मला ती महाळुंग्याची गाय दिसत होती.

"नाही लावणार," मी म्हणाले.

"का?"

"वीज पडेल."

"आर्थिंग करा की."

"खाली काय आहे?"

कारभाऱ्यांनी स्लॅबवरून खाली पाहिलं. खाली सगळा कातळ होता. अर्थिंगचा खड्डा घ्यायचा तर सुरुंग लावावा लागला असता, हे त्यांनी विहिरीच्या वेळी अनुभवलेलं.

"आन् समजा न्हाई पडली ईज?"

"समजा पडली तर? फोन कानाला लावलेला असेल तुमच्या मालकिणीच्या."

भागूबाई जिन्यावरून म्हणाली, "नको बया. मला बोलायचंय, मरायचं न्हाई."

कारभाऱ्यांनी विचारलं, "मंग आता करायचं काय?"

"आता एक पाटी द्या मला. बांबूची. घमेलं आणू नका."

ही माझी स्वतःची पद्धत, कुठल्या कागदात लिहिलेली नाही. अँटेना हातात धरून फिरलं की आपलंच अंग आडवं येतं. हात उंच धरून फिरलं की खांदे भरून येतात. मग एकदा विचार केला, आपल्या बायका आयुष्यभर हंडे, भारे, पाट्या डोक्यावरून नेतात, तिथे या दांडीचं काय ओझं? पहिल्यांदा घमेल्यात ठेवून फिरले आणि अख्ख्या गावात रेंज नाही असा शेरा मारून आले होते, तेही सांगून टाकते. पुढे बांबूची पाटी, तिच्यात पेंढ्याचा बिछाना, मधोमध अँटेना काठीला बांधून उभा, फोन पिशवीत घालून गळ्यात. त्याची स्वतःची बॅटरी असते, चारपाच तास चालतो. फडक्याची चुंबळ करायची आणि पाटी डोक्यावर घेऊन अगदी सावकाश, नवरी चालते तसं चालायचं. पडद्यावर नजर ठेवायची आणि मोठ्यानं काड्या पुकारायच्या.

निघाले. मागे कारभारी, भागूबाई, पोरंसोरं, दोन कुत्री. शाळेत शून्य, पत्र्याची होती. देवळात एक. वाटेत एक म्हातारी उठून उभी राहिली आणि तिनं पाटीला हात जोडले.

"आजी, देव नाही हा. अँटेना आहे."

"आसू दे की. डोस्क्यावरनं मिरवत चाललाय, म्हंजी देवच."

एकेक घर करत वाडीच्या टोकाला आलो. तिथून जमीन उतरत जाते आणि खाली धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. डोंगरांच्या मधली फट नेमकी तिथेच उघडते. हिराबाईचं घर शेवटचं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या, वर जुनी कौलं. दार इतकं बुटकं की पाटी डोक्यावरून उतरवून आत न्यावी लागली. आतल्या अंगाला, पाण्याच्या दिशेच्या वाशाखाली अँटेना धरला.

एक. दोन. अँटेना बोटभर सरकवला. तीन. चौथी काडी यावं की न यावं करत लुकलुकत होती.

मी पुकारलं, "तीन!"

हिराबाई दाराच्या खांबाला धरून उभी होती. तिनं तो आणखी घट्ट धरला.

कारभाऱ्यांचा चेहरा बदलला. वाईट माणूस नव्हता हो तो. पण सगळ्या वाडीसमोर गुलाबी घरात शून्य आणि या खोपटात तीन, हे गिळायला अवघड होतं.

"काकू, राग मानू नगा. पन पाटी तुमच्या डोस्क्यावर, डबडं तुमच्या गळ्यात. आमाला काय कळतंय त्यातलं? तुमी बायाबायांनी आदी बोलून ठेवलं आसंल."

तेवढ्यात हिराबाई पुढं आली आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काकू. त्यांच्याकडं द्या. मला ह्याच वाडीत ऱ्हायाचंय."

तिचं बरोबर होतं. मी एसटीनं जाणार, ती तिथेच राहणार. पण माझं डोकं आता सणकलं होतं. मी पाटी उचलली आणि कारभाऱ्यांसमोर धरली.

"घ्या. तुमच्या डोक्यावर घ्या. तुमच्या घरापासून इथपर्यंत चाला. मी हात लावणार नाही. फोन मालकिणीच्या हातात द्या, काड्या त्या मोजतील."

"मी पाटी घिऊ? डोस्क्यावर?"

"का? टोपी चुरगळेल?"

पोरं खिदळली. मागे हटायची सोय उरली नाही. कारभाऱ्यांनी टोपी काढून खिशात घातली, चुंबळ ठेवली आणि पाटी घेतली. हंड्याची सवय नाही, मान ताठ, दोन्ही हात वर, पाय फाकलेले. फोन भागूबाईच्या हातात. फोनपासून अँटेन्यापर्यंतची वायर जेमतेम पाच-सहा हात. त्यामुळे भागूबाई वायर ताणत पुढे आणि कारभारी पाटी सांभाळत मागे, कासऱ्याला धरून बैल न्यावा तशी वरात निघाली. सगळी वाडी गोळा झाली. एक जण ओरडला, "काकी, नीट हाना, मारकं हाय!"

"गप ऱ्हा," कारभारी पाटीखालून म्हणाले. मान हलवायची सोय नव्हती.

भागूबाई पडद्यावर डोळे लावून पुकारत होती. "येक बी न्हाई... येक बी न्हाई... येक आली... गेली... येक..." देवळापाशी एकच राहिली. उतार लागला तशी "दोन" म्हणाली. तिचा आवाज बारीक होत चालला होता. मला तिची काळजी वाटू लागली. फोन तिलाच हवा होता. ते गुलाबी झाकण तिनं कमरेला खोचून आणलं होतं. दोन म्हणून थांबली असती, तिथेच पाय घसरल्यासारखं केलं असतं, तर तिला कोण विचारणार होतं?

पाटी उतरवून दोघं हिराबाईच्या घरात वाकून शिरली. मी बाहेरच थांबले. मुद्दाम. आतून पाटी वाशाला घासल्याचं ऐकू आलं.

मग भागूबाईचा आवाज आला. खणखणीत. "तीन! आन् चवथी डोळं मिचकावतीया."

"नीट बघ."

"नीटच बघती. तुमच्या घरात येक बी न्हाई, हितं तीन. लोखंड किती घातलंय, ते तुमीच गावभर सांगत व्हता न्हवं?"

वाडी इतकी हसली की कुत्री भुंकायला लागली. कारभारी बाहेर आले. खिशातून टोपी काढून झटकली, डोक्यावर घातली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बसवा मंग. ईळ नका घालवू. पाऊस येतोय."

फॉर्मवर मी हिराबाईचं नाव लिहिलं आणि कामाला लागले. चूल एका कोपऱ्यात, मी दुसरा धरला. बल्बची वायर वाशावरून गेली होती, तिच्यापासून तीन हात लांब सरकले. कौल कुठं गळतं ते हिराबाईला विचारलं, तिनं न बघताच दोन जागा सांगितल्या, त्या सोडल्या. कारभाऱ्यांनी बांधायला तार आणून दिली, ती परत केली आणि सुती दोरीनं अँटेना वाशाला बांधला. वायर कुडाच्या वरच्या कडेनं फिरवून आणली, कारण खाली दोन शेळ्या माझ्याकडे आशेनं बघत होत्या. फोनला जागा म्हणून एक फळी ठोकली. ती ठोकायला कारभाऱ्यांनीच हातोडी धरली.

पहिला फोन कुणी करायचा? सगळे हिराबाईकडे बघत होते. मी म्हणाले, "कारभारी करतील." त्यांचा मोठा मुलगा भोसरीला कारखान्यात होता. नंबर लावून दिला. कारभारी फोन दोन्ही हातांनी धरून एवढ्या मोठ्यानं ओरडले की भोसरीला फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

"हॅलो! आरं मी बोलतोय! बा तुजा!"

तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. कारभाऱ्यांनी आवाज जरा उतरवला. मग म्हणाले, "हिराच्या घरातनं. वाडीचा फोन हितं बसावलाय. मी डोस्क्यावरनं आनला."

भागूबाईनं कमरेचं झाकण काढलं. एकदा हातानं सारखं केलं आणि फोनवर घातलं. जरा सैल झालं होतं. "पावसाळ्यात आटंल," म्हणाली. हिराबाई तिच्या पायाला हात लावायला वाकली, तर भागूबाई म्हणाली, "उठ, मंगलचा बा आसता तर त्येनंच बसावला आसता. तुज्या जात्यावर दळान घेऊन येत जाईन मी, बोलायला."

शेवटची एसटी केव्हाच गेली होती. त्या रात्री मी हिराबाईकडेच नाचणीची भाकरी खाल्ली. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज कडाडत होती आणि वाशाखाली अँटेना कोरडा ठणठणीत. इतकी गाढ झोप मला कपाटभर दागिने असतानाही कधी लागली नव्हती.

शिर्के साहेबांनी पुढे कंपनीच्या दोन पोरांना माझ्याकडे पाटी शिकायला पाठवलं. एकानं विचारलं, "काकू, डोक्यावरच का? हातात काठी धरली तर?" मी म्हणाले, "धर की. दहा वाड्या फिर आणि मग सांग." तिसऱ्या वाडीत त्यानं चुंबळ मागितली. पुढे मोबाइल आले, प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि आमचे अँटेने अडगळीत गेले. नात मला विचारते, आजी, तू नक्की काय होतीस गं? इंजिनियर? मी म्हणते, हमाल. डोक्यावरून रेंज वाहिली.

वाडीत फोन बसला त्या वर्षीची दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चार-सहा दिवस गेले असतील. सकाळी दुकान उघडून मी नुकता झाडू हातात घेतला होता आणि फोन वाजला. पलीकडून लांबवर गाडीचा घुर्र आवाज येत होता. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग हिराबाई बोलली.

"काकू, कामाची गाडी आत्ता खाली गेली. दर वर्साला मी गाडीतनं वाडीला हात हलवती. आज मी वाडीतनं गाडीला हलावला."